दूधसागरच्या नदीत आपली गाडी नको: फोर बाय फोर चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्यातले फोर बाय फोर गाड्यांचे गट, आणि त्यांतले सगळे चालक

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर जवळ आला की आपल्या गटांत एक प्रश्न हमखास फिरू लागतो. गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागर धबधब्याला आपली गाडी नेता येते का? येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. तरी त्यामागून दुसरा प्रश्न येतोच. वाट इतकी सोपी, आमच्या गाड्या तिथल्या जीपांपेक्षा नव्या, शुल्क भरायची तयारी, मग आम्हालाच बंदी का? हा प्रश्न विचारणाऱ्यांचा राग मला समजतो, म्हणून त्याला बगल न देता उत्तर द्यायचं ठरवलं. मीही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, चालवतो. दगड, चिखल आणि पाण्यातून गाडी काढण्यातला आनंद मला कुणी समजावून सांगायला नको. तरीही माझं स्पष्ट म्हणणं आहे की दूधसागरच्या वाटेवर आपल्या गाड्यांसाठी प्रवेश मागू नका. आपली गाडी कुळ्यात ठेवा आणि तिथल्या माणसाच्या जीपमध्ये बसून जा.

ज्यांनी ती वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुळे हे धारबांदोडा तालुक्यातलं रेल्वेमार्गावरचं गाव. तिथून निघालेली जीप भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात शिरते. दोन्ही मिळून हे क्षेत्र साधारण २४० चौरस किलोमीटरचं, त्यातलं १०७ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान. दहा-बारा किलोमीटरची कच्ची वाट आहे. दोन्ही बाजूंना ऐन, किंदळ, बांबू, आणि हंगाम पुढे सरकला की पानापानावर बसलेली तांबडी धूळ. वाटेत तीन ठिकाणी पाण्यातून जावं लागतं. पाऊण तास ते तासभर जीप हेलकावत जाते, शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडांवरून पायी, आणि मग सुमारे ३१० मीटर उंचीवरून उतरणारं पाणी आणि त्याला मधोमध छेदून जाणारा रेल्वेचा पूल.

चालवायच्या दृष्टीने ही वाट खरोखर सोपी आहे. जीव मुठीत धरावा असा चढ नाही, एका बाजूला दरी नाही. हिवाळ्यात पाणी उतरलं की नदीचे उतारही, म्हणजे पाणी ओलांडायच्या जागा, बऱ्यापैकी उथळ होतात. लो रेंज (हळू पण जोरात ओढणारा गिअर) आणि थोडा धीर असला तर नवखा चालकसुद्धा पार होईल. आपल्या मागणीचा सगळा आधार या सोपेपणावर आहे, आणि माझा विरोधही त्याच्यामुळेच आहे.

अवघड वाटेचं रक्षण तिचा अवघडपणाच करतो. वर खडक सुटलेला आहे, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकसारखी फिरवणारी सोय) नसलेली गाडी अडकणार, ओढून काढायला दुसरी गाडी लागणार, हे कळलं की दहातले आठ जण परत फिरतात. सोप्या वाटेवर असं कुणी परत फिरत नाही. तिथे प्रवेशाचा नियम सोडला तर गर्दीला अडवणारं दुसरं काहीच नसतं. पुण्यापासून, बंगळूरपासून गोवा एका दिवसाच्या अंतरावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ही वाट सगळ्यांना खुली केली तर काय होईल, याचा अंदाज दिवाळीच्या सुट्टीत लोणावळ्याला अडकलेल्या कुणालाही करता येईल.

आणि आता नदीबद्दल. आपल्याकडे चर्चा होते ती पाणी किती खोल, गाडी किती सोसते याची. पाण्याच्या तळाशी काय आहे यावर कुणी फारसं बोलत नाही.

घाटातल्या ओढ्याचा किंवा छोट्या नदीचा तळ हा नुसता दगडगोट्यांचा थर नसतो. गोट्यांच्या मधल्या फटींतून पाणी वाहत राहतं आणि प्राणवायू खालपर्यंत पोचतो. चतुर, टाचण्या आणि इतर कितीतरी कीटकांची बाल्यावस्था या फटींत जाते. त्यांच्यावर मासे जगतात, माशांवर खंड्या पक्षी आणि पाणमांजर. पश्चिम घाटातल्या नाचऱ्या बेडकांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २०१४ मध्ये प्राध्यापक एस. डी. बिजू यांच्या चमूने या बेडकांच्या एकदम १४ नव्या जातींची नोंद केली, तेव्हा वर्तमानपत्रांत पाय हलवणाऱ्या नराचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. त्यातली मादी काय करते, हे मात्र कमी जणांना ठाऊक आहे. ती उथळ वाहत्या पाण्याच्या तळाशी, वाळू आणि बारीक खड्यांत मागच्या पायांनी खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडे ओढून झाकते. पिल्लंही पुढे त्या वाळूतच दडून वाढतात. हे घडतं पावसाळा सरत असताना आणि त्यानंतरच्या महिन्यांत, म्हणजे आपल्या भटकंतीचा हंगाम सुरू होतो तेव्हाच. घोट्याएवढं पाणी, खाली बारीक वाळू, संथ पण सतत वाहणारी धार: बेडकाच्या मादीला हवी असलेली जागा आणि आपण गाडी घालायला निवडतो ती जागा पुष्कळदा एकच असते.

दोन टनांची गाडी या तळावरून गेली की गोटे दाबले जातात आणि फटी बुजतात. चाकांनी उसवलेला गाळ धारेबरोबर पुढे जातो आणि खालच्या डोहात बसतो. एक गाडी सरळ रेषेत, हळू गेली तर नदी ते सोसते. दिवसभरात तीच रेघ वापरली तर नुकसान त्या रेघेपुरतं राहतं. पण आपल्या गटातल्या बारा गाड्या आल्या की काय होतं ते आठवून पाहा. पहिली सरळ जाते. दुसरीला जरा डावीकडे खोल पाणी दिसतं. तिसऱ्याला व्हिडिओत नीट पाणी उडालेलं नसतं म्हणून तो परत येतो. चौथा प्रवाहाला समांतर वीस मीटर चालवतो. तासाभरात उताराची रुंदी तिप्पट होते.

काठाचंही तेच. ओली गाडी चढून बाहेर आली की तिच्याबरोबर आलेलं पाणी काठावर सांडतं, पुढची गाडी त्या ओल्या मातीत चाक फिरवते, चाकोरी खोल होते. मग त्या चाकोरीत पोट टेकू नये म्हणून तिसरी गाडी बाजूच्या झुडपांतून वाट काढते. पहिल्या वळवाच्या पावसात या चाकोऱ्यांचे पाट होतात आणि अख्ख्या उन्हाळ्यात भुसभुशीत झालेली जांभ्याची माती थेट नदीत जाते. काठावरच्या ज्या ओल्या वाळूवर आपण चाक फिरवून चिखल उडवतो, तिथे नोव्हेंबरच्या उन्हात फुलपाखरं चिखलपानाला, म्हणजे ओल्या मातीतले क्षार शोषायला, थव्यांनी उतरतात. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला तो निलवंतसुद्धा त्यांत असतो. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं काठावर बसणाऱ्याला तो दिसतो.

"मग स्थानिक जीपा जातातच ना, त्यांनी नदीला त्रास होत नाही का?" होतो. मी ते नाकारणार नाही. शेकडो जीपा त्या धंद्यात आहेत आणि रोज आत सोडायच्या गाड्यांची संख्या आणखी कमी करावी असं माझं मत आहे. पण त्या आणि आपण यांत मोठा फरक आहे. त्या मोजता येतात. ठरलेल्या वेळेत जातात, ठरलेल्या उतारावरून पाणी ओलांडतात, ठरलेल्या जागी थांबतात. चालकाचं नाव माहीत असतं आणि त्याला उद्याही त्याच वाटेवरून जायचं असतं. आपल्यातला एखादा चुकला तर सोमवारी तो आपल्या ऑफिसात असतो.

शिवाय ते लोक हा धंदा का करतात तेही पाहू. धारबांदोडा आणि सांगे हा गोव्याच्या खाणपट्ट्याचा भाग. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा या भागातल्या घरांचं ट्रकवर, मशीनवर, गॅरेजवर चालणारं उत्पन्न थांबलं. जंगल उभं असल्याने मिळणारी जी थोडी कामं तिथे आहेत, त्यांत दूधसागरची जीप मोठी. ज्याचं घर जंगल शाबूत राहण्यावर चालतं असा माणूस अभयारण्याच्या दारात बसलेला असणं, ही जंगलासाठी चांगली गोष्ट आहे. आपण आपापल्या गाड्या घेऊन आत शिरलो तर त्याचा रोजगार जातो, आणि जंगल राखण्यातला त्याचा हिशेबही संपतो.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण तो बहुतेकांना माहीत असतो आणि तरी वादात विसरला जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेशच करता येत नाही. ही खास आपल्याविरुद्ध घातलेली बंदी नाही, सगळ्यांसाठी मूळ नियमच तो आहे आणि जीपांना दिलेली मुभा हा अपवाद. हे जंगल किती नाजूक स्थितीत आहे तेही लक्षात घ्या. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईपासून खोतीगावपर्यंतच्या या सलग पट्ट्याला व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२० पासून गोव्यातल्या तरुणांनी मोलेचं जंगल वाचवायला जे आंदोलन उभं केलं, त्यात चित्रकार होते, वकील होते, शास्त्रज्ञ होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुळे ते कॅसलरॉकच्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. एवढ्या कष्टाने राखलेल्या जंगलात सहलीच्या गाड्यांची नवी रांग घालायची मागणी आपल्या नावाने जाऊ नये.

आता आपल्या गाड्यांविषयी. महिंद्रा थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिलेली असते, फोर्स गुरखाची ७०० मिलिमीटर. हे आकडे साचलेल्या पाण्यासाठी धरा. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं, आणि गाडी जितकी पाण्यात बुडते तितकं तिचं चाकांवरचं वजन कमी होतं. साधारण दोन फूट वेगवान पाणी बहुतेक एसयूव्ही वाहून नेऊ शकतं. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या रूपातही मिळते. दिसायला सारखीच, पण तिला लो रेंज नाही. नव्या मालकांना गटात घेताना हे कुणी विचारत नाही, आणि ओल्या उतारावर मग सगळ्यांची पळापळ होते.

पाण्याचा भरवसा ऑक्टोबरातही धरता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुसळधार पावसाने दूधसागरजवळ पाणी वाढलं, छोटा पूल कोसळला आणि चाळीसहून अधिक पर्यटकांना दृष्टी या जीवरक्षक संस्थेच्या जवानांनी पलीकडून सुखरूप आणलं. खाली ऊन असताना घाटमाथ्यावर झालेला पाऊस थोड्याच वेळात उतारावर पोचतो. तिथला चालक पाण्याचा रंग बदलला की ते ओळखतो. आपण पहिल्यांदाच आलेलो असतो.

त्या चालकाशेजारी एकदा बसून पाहाच. पाण्यात शिरण्याआधी तो गिअर ठरवून घेतो आणि पलीकडे चढेपर्यंत क्लचला पाय लावत नाही. बोनेटपुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागेमागे, तिला न ओलांडता गाडी नेतो. पावसाळ्यात कोणता गोटा कुठे सरकला हे त्याला पाठ असतं. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून पट्टे कोरडे करतो. आपण पैसे भरून शिबिरांत शिकतो ते इथे पाऊण तासात बघायला मिळतं, आणि हात मोकळे असल्याने जंगलही दिसतं.

इथवर दूधसागरचं झालं. पण मला त्याहून जास्त काळजी आहे ती ज्या वाटांवर नाका नाही, परवाना नाही आणि चालकांची संघटनाही नाही, त्यांची. सह्याद्रीत अशा शेकडो वाटा आहेत. राधानगरीच्या बाजूला, तिलारीच्या खोऱ्यात, कोयनेच्या पाणलोटाकडेने. गाव संपतं, कच्चा रस्ता झाडीत शिरतो, तीन-चार किलोमीटरवर ओढा किंवा नदी येते आणि पलीकडे एखादा धनगरवाडा असतो. आपल्यातले कुणीतरी ती वाट शोधतं, "सोपी, कुटुंबासह जाण्याजोगी" असं लिहून नकाशावरचा बिंदू टाकतं, आणि पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या असतात.

त्या वाडीला दुसरा रस्ता नसतो. दूध, रेशन, बाळंतीण, सगळं त्याच उतारावरून जातं, बहुतेक वेळा मोटरसायकलवर. आपल्याला दोन फूट खोल चाकोरी म्हणजे मजा असते, मोटरसायकलवाल्याला मात्र तिथे उतरून गाडी ढकलत न्यावी लागते. पावसाळ्याआधी मे महिन्यात वाडीतले लोक श्रमदानाने दगड रचून उतार नीट करतात, म्हणजे पहिल्या पाण्यात तरी पलीकडे जाता येईल. ते रचलेले दगड आपल्या चाकांखाली विस्कटतात. मी अशा एका वाडीत एका म्हाताऱ्या मामांशी बोलत बसलो होतो. तक्रार त्यांनी केली नाही. "तुमचं काम असतंय का हितं?" एवढंच विचारलं. काम नव्हतं. त्या प्रश्नात मला राग जाणवला नाही, पण उत्तर मात्र देता आलं नाही.

पाणी तर ते पितात. उताराच्या वरच्या अंगाला हंडे भरतात, खालच्या अंगाला म्हशी बसतात. तिथे आपण गाड्या धुतो. डिफरन्शियलच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर ते त्याच पाण्यात जातं. राखीव जंगल असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ चं मनाईचं कलम २६ लागू होतंच, पण कायदा नसता तरीही दुसऱ्याच्या पाणवठ्यावर गाडी धुणं हे आपल्या कुठल्याच गावात चाललं नसतं.

डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये एकाने वाहतुकीची कोंडी टाळायला चंद्रा नदीत थार घातली. व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलिसांनी दंड केला. त्या वेळी आपल्या गटांत त्याला पुष्कळ बोल लावले गेले, ते योग्यच होतं. पण आपल्या खात्यांवरचे नदीतले व्हिडिओ बाहेरचा माणूस पाहतो तेव्हा त्याला त्या माणसात आणि आपल्यात फरक दिसत नाही. प्रत्येक असा व्हिडिओ आणखी दहा जणांना नदीत उतरवतो, आणि कुठल्या तरी जिल्हाधिकाऱ्याला सगळीच वाट बंद करायला कारण देतो.

म्हणून गट चालवणाऱ्यांकडे माझ्या मागण्या आहेत. दूधसागरला खासगी गाड्या सोडाव्यात यासाठी कुणी निवेदन काढलं तर त्यावर गटाचं नाव घालू नका. अभयारण्याबाहेरच्या वाटांवर नदी आली की आधी सगळ्यांनी गाड्या थांबवाव्यात, एकाने काठी घेऊन चालत पलीकडे जावं, आणि रुळलेल्या रेघेवरूनच प्रत्येक गाडीने एकदा जाताना आणि एकदा येताना पाणी ओलांडावं, बस. प्रवाहाच्या दिशेने गाडी चालवणं, चित्रणासाठी पुन्हा शिरणं, गाडी धुणं हे करणाऱ्याला पुढच्या सफरीत घेऊ नये, मग तो कितीही जुना सभासद असो. जून ते सप्टेंबर पाण्याच्या वाटा वर्ज्य. पलीकडे वस्ती असेल तर आदल्या दिवशी गावात कुणाला तरी विचारून घ्या, आणि सात-आठपेक्षा जास्त गाड्या एकदम नेऊ नका. वाटेचा नेमका बिंदू जाहीर टाकू नका. ज्याला खरंच जायचं आहे तो विचारेल, आणि विचारताना त्याला हे सगळं सांगता येईल.

आणखी एक मागणी आहे, थोडी कष्टाची. मे महिन्यात वाडीतले लोक उतार रचतात तेव्हा आपल्या गटाने त्यांच्याबरोबर एक दिवस द्यावा. आपल्याकडे विंच (गाडीला बसवलेलं ओढयंत्र) आहेत, साखळ्या आहेत, दोन क्विंटलचा दगड हलवायची सोय आहे. वर्षभर मजा केलेल्या एका वाटेवर एक रविवार ही मोठी गोष्ट नाही. कोणत्या वाडीला हवं आहे ते त्यांनाच विचारून ठरवू.

कुळ्याचा बेत करणार असाल तर हंगाम सुरू झालाय का याची आधी खात्री करा, शक्यतो शनिवार-रविवार टाळा आणि सकाळी लवकर पोचा. गाड्या ठेवायला गावात जागा मिळते. लाइफ जॅकेट घ्यावं लागतं, प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. एका जीपमध्ये सात जण बसतात, म्हणजे आपल्या दहा गाड्यांतले वीस-एकवीस जण तीन जीपांत मावतात. नदीत दहाऐवजी तीनच गाड्या उतरतील.

आपला,
कोल्हापूरचा एक फोर बाय फोर चालक